डोक्यावर ओझे, हातात पाटी

भल्या पहाटे शीळफाट्यावर उभे राहिले की कामावर निघालेल्या आयाबहिणी दिसतात. कुणी धुण्याभांड्याला, कुणी बांधकामावर, कुणी कारखान्यात. शहर यांच्याच कष्टावर उभे राहते. मग शहराच्या इतिहासात यांची नावे का नसतात, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो.

आपल्या जवळच्या कल्याणात जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात आहे, आणि ते असायलाच हवे. आज मात्र आम्ही वाचकांना नागपूरच्या एका हमाल बाईंची ओळख करून देणार आहोत. त्यांचे नाव जाईबाई चौधरी.

जाईबाई डोक्यावरून ओझी वाहून पोट भरीत. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी त्यांना लिहावाचायला शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. पण शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे कळताच सवर्णांनी शाळेवर बहिष्कार टाकला. नोकरी गेली. जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ज्यांना कुणी वर्गात घेत नव्हते, त्या लेकींना त्यांनी पाटीपुढे बसविले.

पुढे १९३७ साली नागपुरातच भरलेल्या स्त्रियांच्या एका मोठ्या परिषदेत जाईबाईंना जेवणाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. तो अपमान गिळून आमच्या भगिनी गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी निषेधाची सभा घेतली. अवघ्या काही वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, त्याच शहरात दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेबांसमोर हजारो स्त्रिया जमल्या होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले.

ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण कुणीतरी ती विचारली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या. १९८९ साली त्यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक निघाले. तोवर यातल्या कितीतरी बाया आपल्या घरात नुसत्या आजी म्हणून बसून होत्या.

म्हणून आमचे एक मागणे आहे. १९५६ साली आईचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेल्या पोरी आता ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या वस्तीत अशी एखादी आजी असेलच. येत्या रविवारी मुलीच्या हाती वही-पेन द्या आणि तिला आजीजवळ बसवा. गाव कोणते, शहरात कधी आलात, काम काय केले, मोर्चाला कुणाबरोबर गेलात, एवढे विचारले तरी पुरे. वहीच्या पहिल्या पानावर आजीचे पूर्ण नाव लिहा. कुणाची आई, कुणाची बायको हे त्याच्या खाली येऊ द्या.

जयभीम!