सोसायटीचा जनरेटर, खांदेरी पाणबुडी आणि अंबरनाथची लॅब

हा एपिसोड बदलापूर गावातून रेकॉर्ड केलाय. मध्येच एका ठिकाणी आवाज तुटतो आणि मागे घर्रर्र सुरू होतं, ते लाइट गेल्यामुळे. समोरच्या बिल्डिंगचा जनरेटर चालू झाला. एडिट करताना तो तुकडा मी मुद्दाम ठेवला, पुढे त्याचं काम आहे. ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप, थोडं साफसूफ करून.

2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, तेव्हा आपल्या बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला माणूससुद्धा संरक्षणतज्ज्ञ झाला होता. एस-400 किती किलोमीटरवरून पाडतं, इस्रायलच्या आयर्न डोमपेक्षा आपलं भारी की नाही, सगळं कर्जत-सीएसएमटी दरम्यान ठरत होतं. त्याच दिवसांत एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, जमिनीवर एस-400 आहे, मान्य. पण समुद्रात आपल्या जहाजावर मिसाईल आलं तर कोण अडवतं?"

प्रश्न एकदम रास्त. आधी त्याचं उत्तर देतो, मग तुम्हाला आपल्या मागच्या अंगणात घेऊन जातो.

जहाजावर येणारं मिसाईल सिनेमातल्यासारखं आभाळातून पडत नाही. ते बहुतेक वेळा पाण्याला जवळजवळ चिकटून येतं, चार-पाच मीटर उंचीवरून. पृथ्वी गोल आहे ना, त्यामुळे जहाजाच्या डोलकाठीवर पंचवीस मीटर उंच रडार असलं तरी इतकं खाली उडणारं काही त्याला साधारण तीस किलोमीटरवर आल्यावरच दिसतं. मिसाईल आवाजापेक्षा थोडं कमी वेगाचं असेल तर सेकंदाला तीनशे मीटर. म्हणजे दिसल्यापासून आदळेपर्यंत शंभर सेकंद. आपल्या ब्राह्मोससारखं आवाजाच्या पावणेतीन पट वेगाचं असेल तर अर्धा मिनिट. एवढ्या वेळात ओळखायचं, ठरवायचं, आपलं मिसाईल सोडायचं, आणि ते चुकलं तर दुसरं सोडायचं.

हे काम आपल्या नव्या विनाशिकांवर बराक-8 करतं. डीआरडीओ आणि इस्रायलने मिळून बनवलेलं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या प्रत्येक विनाशिकेवर अशी 32 क्षेपणास्त्रं असतात. याच वर्गातल्या आयएनएस सुरतने 24 एप्रिल 2025 ला अरबी समुद्रात पाण्यालगत उडणारं लक्ष्य पाडून दाखवलं. म्हणजे ढाल आहे, आणि चांगली आहे. पण 32 म्हणजे 32. भर समुद्रात ती संपली की नवी भरता येत नाहीत, बंदरात यावं लागतं.

आणि हल्ला नेहमी आकाशातूनच येतो असंही नाही. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. मारणारी होती पाकिस्तानची हंगोर ही डिझेल पाणबुडी, तिने टॉर्पेडो सोडला. आज पाकिस्तान चीनकडून आठ नव्या पाणबुड्या घेतोय, त्यातली पहिली एप्रिल 2024 मध्ये वुहानला पाण्यात उतरली. त्या वर्गाचं नाव काय ठेवलंय? हंगोर. नाव उगाच ठेवलेलं नाही.

तर समुद्रातल्या मिसाईलच्या चर्चेत पाणबुडी अशी मध्ये येते. ती स्वतः मिसाईल सोडू शकते. आपल्या कलवरीने 2 मार्च 2017 ला पाण्याखालून एक्झोसेट सोडून दाखवलं होतं. पण तिच्याकडे स्वतःसाठी कुठलाही बराक नाही. कोणाला न सापडणं एवढीच तिची ढाल.

आता तो जनरेटर.

लाइट गेली की घरात इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात. अजिबात आवाज नाही. पण बॅटरी उतरली की काय? इन्व्हर्टर पुन्हा भरायला वीज लागते, ती नसेल तर जनरेटर. आणि जनरेटर बंद खोलीत चालवता येत नाही. त्याला हवा लागते, तो धूर सोडतो, आणि पुऱ्या आळीला कळतं की कोणाकडे जनरेटर चालू आहे.

डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी अगदी हीच. खोल पाण्यात ती बॅटरीवर चालते, तेव्हा तिचा मागमूस लागणं महाकठीण. पण बॅटरी उतरते. हळूहळू चालली तर काही दिवस पुरते, पळाली तर काही तासांत संपते. मग वर यावं लागतं. पूर्ण वर नाही, पाण्याच्या जरा खाली राहून एक नळी बाहेर काढायची, हवा ओढायची, डिझेल इंजिनं चालवून बॅटरी भरायची. त्या वेळात इंजिनांचा आवाज पाण्यात पसरतो, धूर बाहेर पडतो, नळी रडारवर दिसू शकते. शत्रूची गस्ती विमानं नेमकी याचीच वाट बघत असतात. आपली पी-8आय विमानं दुसऱ्यांच्या पाणबुड्यांसाठी हेच करतात.

म्हणून पाणबुडी किती चांगली, हे विचारताना लोक टॉर्पेडो मोजतात, पण खलाशी वेगळंच मोजतो: नळी किती वेळा बाहेर काढावी लागते?

ही नळी दिवसेंदिवस बाहेर काढावी लागू नये म्हणून जी यंत्रणा आहे तिला एआयपी म्हणतात. बाहेरच्या हवेशिवाय चालणारी वीज, एवढाच अर्थ. जर्मनीच्या यू-32 या पाणबुडीने 2013 मध्ये अशा यंत्रणेवर 18 दिवस वर न येता अटलांटिकमध्ये प्रवास केला. आणि भारताची एआयपी तयार झाली ती आपल्याकडे, अंबरनाथला.

बदलापूरहून काटई नाक्याकडे बसने किंवा बाइकवर गेलेल्यांनी आनंदनगर एमआयडीसीचा पट्टा पाहिला असेल. केमिकलचा वास, ट्रकच्या रांगा. त्याच भागात डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी आहे, एनएमआरएल. अंबरनाथ म्हटलं की आपल्याला शिवमंदिर आठवतं, फार तर ऑर्डनन्स फॅक्टरी. ही लॅब कोणाच्या तोंडी नसते. 1953 मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत एक छोटी रसायन आणि धातूंची प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली, नंतर डीआरडीओत गेली आणि पुढे इकडे आली. जहाजाला गंज लागू नये म्हणून रंग कोणता, रबर कोणतं, पोलाद कसं, असली कामं. ग्लॅमर शून्य. पण खाऱ्या पाण्यात जहाज टिकतं ते याच कामावर.

त्यांनी एआयपीसाठी निवडला फ्युएल सेल. दहावीचं विज्ञान आठवा: पाण्याचं विद्युत अपघटन. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. फ्युएल सेल म्हणजे हे उलटं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन द्या, पाणी आणि वीज घ्या. कुठे ज्वाला नाही, पिस्टन नाही, म्हणून आवाजही नाही. अंबरनाथच्या सेलमध्ये मधलं माध्यम फॉस्फोरिक ॲसिडचं आहे. हा सेल जरा गरम चालतो, दीडशे-दोनशे अंशांच्या घरात, पण हायड्रोजन अगदी शंभर नंबरी शुद्ध नसला तरी कुरकुर करत नाही.

खरी गंमत हायड्रोजनमध्ये आहे. ऑक्सिजन द्रवरूपात, उणे 183 अंशांना, टाकीत नेता येतो. पण हायड्रोजन? हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही मिसळला तरी पेट घेऊ शकणारा वायू, आणि आत माणसं. जर्मनांनी तो धातूच्या भुकटीत शोषून ठेवणाऱ्या जडच्या जड नळकांड्यांत साठवला. अंबरनाथवाल्यांनी साठवायचंच टाळलं. सोडियम बोरोहायड्राइड नावाचं रसायन आहे, औषधांच्या कारखान्यांतही वापरतात. त्याची पाण्याशी प्रक्रिया झाली की हायड्रोजन सुटतो. लागेल तेवढा, लागेल तेव्हा, पाणबुडीतच तयार करायचा. मला विचाराल तर या सगळ्या कथेतली ही सर्वांत देखणी कल्पना आहे. एमआयडीसीच्या गावातली कल्पना वाटते की नाही?

आता कडू भाग. 8 मार्च 2021 ला डीआरडीओने जाहीर केलं की जमिनीवरचा प्रोटोटाइप यशस्वी झाला. तो दीर्घकाळ चालवून पाहिला आणि पूर्ण ताकदीवरही चालवून पाहिला. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स या कंपन्या सोबत होत्या. आपल्या ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस. आणि दोनच दिवसांनी, 10 मार्चला, मुंबईत आयएनएस करंज नौदलात दाखल झाली. एआयपीशिवाय. त्याच वर्षी वेला, 2023 मध्ये वागीर, 15 जानेवारी 2025 ला वागशीर. सहाच्या सहा पाणबुड्या एआयपीशिवाय आल्या. या पाणबुड्यांचा करार 2005 चा, आणि शेवटच्या दोनमध्ये तरी आपली एआयपी बसावी अशी मूळ योजना होती. ती गाडी चुकली.

मग "यशस्वी" म्हणजे काय? माझा राग प्रयोगशाळेवर नाही, त्या शब्दावर आहे. जमिनीवर यशस्वी होणं ही अर्धी वाटसुद्धा नाही. समुद्रात बोट डोलते, जवळ स्फोट झाला तर हादरते, आणि बिघाड झाला तर खिडकी उघडून धूर बाहेर घालवता येत नाही. 26 फेब्रुवारी 2014 ला मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्नमध्ये आग लागून धूर कोंडला. दोन तरुण अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. ती साधी बॅटरीवर चालणारी, वर्षानुवर्षं वापरातली पाणबुडी होती. तिथे आता तुम्ही हायड्रोजन बनवणारा प्लांट आणि द्रव ऑक्सिजनची टाकी बसवणार. घाई कोण करेल?

पण उशिराची किंमतही खरी असते, ती लपवू नये. नौदलाला आणखी सहा पाणबुड्या हव्या आहेत, प्रोजेक्ट 75-आय. 2021 च्या निविदेत अट होती की एआयपी समुद्रात चाललेली, सिद्ध झालेली हवी. या अटीत अंबरनाथची यंत्रणा बसूच शकत नव्हती. गंमत म्हणजे कलवरी बनवणारी फ्रेंच नेव्हल ग्रुपही याच कारणाने 2022 मध्ये बाहेर पडली, कारण फ्रेंच नौदल स्वतः अशी एआयपी वापरत नाही. शेवटी माझगाव डॉकच्या साथीला जर्मन कंपनी उरली. म्हणजे सेल आपल्या स्टेशनच्या पुढच्या स्टेशनवर बनतो, आणि नव्या बोटींसाठी बघायचं जर्मनीकडे. अट चुकीची होती का? मला नाही वाटत. नौदल प्रयोगाला बोट देईल, पण सगळ्या बोटी देणार नाही.

काही जण म्हणतात, एआयपीचा जमानाच सरला. जपानने 2020 मध्ये ओर्यू ही पाणबुडी आणली, त्यात एआयपी काढून लिथियम-आयन बॅटऱ्या भरल्या. मुद्दा दमदार आहे, कारण एआयपी बोटीला फक्त हळू चालवते, पळायची वेळ आली की बॅटरीच लागते. पण लिथियम बॅटरीही कधीतरी उतरते, आणि मग पुन्हा तीच नळी. मोबाइलची पॉवर बँक कितीही मोठी घ्या, चार्जिंगचा पॉइंट शोधावाच लागतो ना? शेजारी एआयपीवाल्या पाणबुड्या वाढत असताना आपण नळी काढत बसायचं, हे मला पटत नाही.

तर सध्या गाडी कुठे आहे? 2023 च्या जानेवारीत एनएमआरएल आणि नेव्हल ग्रुप यांच्यात ही यंत्रणा कलवरी वर्गात बसवण्यासाठी करार झाला. 30 डिसेंबर 2024 ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकबरोबर सुमारे 1,990 कोटींचा करार केला, एआयपीचा भाग बांधून पाणबुडीत बसवण्यासाठी. म्हणजे कागद झाले, पैसे झाले. समुद्राची परीक्षा उरलीय.

शेवटचा एक प्रश्न, अंबरनाथच्या एका मैत्रिणीने विचारलेला: तयार पाणबुडीत नवीन मशीन घुसवणार कुठून, दारातून?

नाही. पाणबुडी गोदीत आणून मधोमध कापतात. अक्षरशः दोन तुकडे. मधल्या जागेत नवीन गोल नळकांड्यासारखा भाग बसवतात, त्यात सेल, टाकी, पाइप सगळं आधीच जोडलेलं असतं. मग वेल्डिंग करून पुन्हा एक. ते वेल्डिंग खोल पाण्याच्या दाबाला पुरून उरलं पाहिजे, म्हणून प्रत्येक सांधा तपासतात. वजन बदललं की तोलही पुन्हा बसवावा लागतो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या इंग्रजांच्या नाकासमोर ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्या खांदेरीचं नाव असलेली आपली पाणबुडी आज साडेसदुसष्ट मीटर लांब आहे. तिच्यात एआयपी बसेल तेव्हा ती काही मीटरने वाढलेली असेल.

तुमचे व्हॉइस मेसेज पाठवत राहा. लाइट आलेली आहे, जनरेटर बंद झालाय, मीही थांबतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.