अम्मी-अब्बांना स्मृतिभ्रंश झाला, आता मदत कुठे मागायची?

जेवून दहा मिनिटं झाली की दादी म्हणते, 'सकाळपासून मला कुणी जेवायला दिलं नाही.' अब्बा चार रकातींच्या नमाजमध्ये दोनदा गोंधळतात. नेहमीच्या रस्त्याने मस्जिदीत गेलेले नाना परतताना दुसऱ्याच गल्लीत सापडतात. आपल्याकडे अशा वेळी 'वय झालं आता' म्हणून विषय संपवला जातो. काही घरांत 'म्हातारपणी चळ लागला' असं म्हणतात, तर काही ठिकाणी नजर लागली, असर झाला म्हणून झाडफुंक सुरू होते. यात वर्ष-दोन वर्षं निघून जातात आणि तोपर्यंत घरातली एखादी सून किंवा लेक पार थकून गेलेली असते.

हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात आणि अल्झायमर हा त्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात ६० वर्षांवरच्या लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. आजाराबद्दल थोडंफार लिहिलं जातं. त्या माणसाला दिवसरात्र सांभाळणाऱ्यांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आम्ही हा लेख त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

आधी नीट तपासणी

विसरभोळेपणा दिसला म्हणजे स्मृतिभ्रंशच झाला असं नाही. थायरॉइडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, लघवीच्या जागेचा संसर्ग किंवा झोपेच्या गोळ्यांचा परिणाम यांमुळेही म्हातारी माणसं गोंधळल्यासारखी वागतात. यातल्या बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. त्यामुळे पहिलं काम तपासणीचं. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार, मेडिसिन किंवा मेंदूविकार विभागात दाखवता येतं. वयोवृद्धांच्या आरोग्यासाठी २०१० पासून केंद्र सरकारचा एक राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याखाली जिल्हा रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी असणं अपेक्षित आहे, तिची चौकशी करा.

मानसोपचाराच्या ओपीडीत अम्मीला नेलं तर लोक काय म्हणतील, ही भीती अनेक घरांत असते. ती बाजूला ठेवावी लागेल. डॉक्टरकडे जाताना दोन-तीन महिन्यांत काय काय बदललं ते कागदावर लिहून न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्यांनी काही काळ फायदा होतो, पण मुख्य उपचार म्हणजे सांभाळच. आणि सांभाळणारा माणूस टिकला तरच सांभाळ टिकतो.

दीन काय सांगतो

आईवडील म्हातारे झाले की त्यांच्यावर खेकसू नये, त्यांच्याशी नरमाईने बोलावं, ही शिकवण सूरह बनी इस्राईलमध्ये आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. सूरह नहलमध्ये आणखी एक गोष्ट येते. काही माणसं अशा वयाला पोहोचतात की सगळं कळत असूनही पुढे त्यांना काही कळेनासं होतं. म्हणजे ही अवस्था अल्लाहच्या किताबला ठाऊक आहे. ती कुणाच्या गुनाहची शिक्षा नाही आणि तिची लाज वाटण्याचंही कारण नाही.

ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्यावर नमाज-रोजाची जबाबदारी राहत नाही, हा फिक्हचा मान्य कायदा आहे. तेव्हा 'अब्बांचा असर चुकला' म्हणून त्यांना जबरदस्तीने मुसल्यावर उभं करू नका. त्यांना स्वतःहून सजदा करावासा वाटला तर करू द्या, वजू अर्धवट राहिला तरी टोकू नका. लहानपणी पाठ केलेल्या सूरह अनेकदा शेवटपर्यंत ओठांवर राहतात आणि त्या ऐकताना माणूस शांत होतो. रोजा, फिद्या आणि त्यांच्या मालावरची जकात याबाबत आजाराच्या टप्प्यानुसार आणि मसलकनुसार मसला बदलतो. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत, तर घाटावर आणि मराठवाड्यात बहुतेक हनफी. अक्कल गेलेल्या माणसाच्या मालावरच्या जकातीबाबत या दोघांचं मत वेगळं आहे. म्हणून शेजाऱ्याचं ऐकून ठरवण्यापेक्षा आपल्या आलिमांना विचारा.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे सासू-सासऱ्यांची सगळी खिदमत सुनेच्या अंगावर पडते आणि वर 'जन्नत कमावतेस' असं ऐकवलं जातं. बहुतेक उलमांच्या मते आईवडिलांची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या मुलामुलींवर आहे. सुनेने केलं तर तो तिचा एहसान, आणि त्याचा मोठा सवाब. पण तिचा सब्र म्हणजे घरातल्या बाकीच्यांची सुट्टी नव्हे. सांभाळणारीने मदत मागितली म्हणून तिची खिदमत कमी होत नाही.

फोन कुठे करायचा

१४५६७ (एल्डरलाइन): ज्येष्ठ नागरिकांसाठीची केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. वृद्धाश्रम, दवाखाने, पेन्शन, कायद्याचे प्रश्न, घरात होणारा छळ, अशा सगळ्यांबाबत माहिती आणि मार्गदर्शन मिळतं.

१४४१६ (टेली-मानस): मानसिक आरोग्यासाठीची चोवीस तासांची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून. मराठीत बोलता येतं. हा नंबर रुग्णापेक्षा सांभाळणाऱ्याच्या जास्त उपयोगाचा आहे. रात्री दोन वाजता सासरे ओरडत असतील आणि तुम्हाला रडू आवरत नसेल, तेव्हाही इथे फोन लावता येतो.

११२: रुग्ण घराबाहेर निघून गेला आणि आसपास सापडत नसेल तर वाट पाहत बसू नका, लगेच पोलिसांना कळवा. त्यांचा अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये आधीच ठेवलेला असावा.

एआरडीएसआय: अल्झायमर आणि तत्सम आजारांसाठी काम करणारी ही देशव्यापी संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये सुरू झाली. तिच्या शाखा मुंबईसह अनेक शहरांत आहेत. सांभाळणाऱ्यांच्या आधारगटाची चौकशी इथे करता येते. मुंबईत डिग्निटी फाउंडेशन ही संस्था स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसाची केंद्रं चालवत आली आहे. आधारगटात आपल्यासारखीच माणसं भेटतात. 'आमच्याकडे पण असंच होतं' हे एक वाक्य ऐकूनच अर्धा भार हलका होतो.

घरबसल्या शिकायचं असेल तर: जागतिक आरोग्य संघटनेचा 'आय-सपोर्ट' नावाचा मोफत अभ्यासक्रम खास घरच्या सांभाळणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या पाच भागांपैकी एक पूर्ण भाग सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर आहे. भारतीय घरांच्या अडचणी धरून लिहिलेली 'डिमेन्शिया केअर नोट्स' ही वेबसाइट इंग्रजी आणि हिंदीत वाचता येते.

पैसा आणि कागदपत्रं

७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे आणि त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोडतात. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरच. घरातली आया, डायपर, रोजच्या गोळ्या यांचा खर्च त्यात येत नाही. गरीब कुटुंबांतल्या ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ योजनेचं मासिक मानधन आहे, त्याचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, वार्षिक २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कमोड खुर्ची, काठी, चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी एकदा ३,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. आजार वाढलेला असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरलं तर काही सवलती लागू होतात. डॉक्टरांना तसं थेट विचारा, ते स्वतःहून सांगतीलच असं नाही.

बँकेचे व्यवहार निदान झाल्याबरोबर मार्गी लावा. सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला समजत असतं, तेव्हाच त्यांच्या मर्जीने खातं जोडनावावर करता येतं, नॉमिनी नोंदवता येतो, वसियत करता येते. मुखत्यारपत्रावर विसंबून राहू नका. देणाऱ्याची समज गेली की साधारणपणे ते चालत नाही. पुढे कोर्टात जाऊन पालकत्व मिळवणं वेळखाऊ आणि खर्चिक आहे.

आणि हेही स्पष्ट लिहायला हवं. समज गेलेल्या आईवडिलांचा अंगठा घेऊन घर किंवा जमीन आपल्या नावावर करणं कायद्यात बसत नाही आणि शरीयतमध्येही बसत नाही. हिबा असो की वसियत, देणारा शुद्धीत आणि समजत्या मनाने देत असला पाहिजे. त्यांचा पैसा म्हणजे अमानत. तो त्यांच्यावर खर्च करा आणि हिशोब एका वहीत लिहा, म्हणजे उद्या भावाबहिणींत वाद होणार नाही.

जकातीबाबतही एक गैरसमज दिसतो. स्वतःच्या आईवडिलांच्या औषधपाण्यावर आपली जकात लावता येत नाही, तो खर्च मुलांनी आपल्या खिशातून करायचा असतो. मोहल्ल्यातल्या हकदार रुग्णाला मात्र जकात देता येते.

घरात वाटणी कशी करायची

आईला कोण सांभाळणार, यावर बहुतेक घरांत कधी बोलणंच होत नाही. जो जवळ राहतो त्याच्या गळ्यात पडतं. त्यासाठी सगळ्या भावंडांनी एकदा बसावं, फोनवर बसलात तरी चालेल, आणि कामं लिहून काढावीत: औषधं, अंघोळ, रात्रीची जाग, डॉक्टर, बँक, पैसे, सुट्टी. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा.

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले मुलगे दुबई, कुवेत, कतारला असतात. दर महिन्याला पैसे पाठवले की फर्ज अदा झालं असं त्यांना वाटतं. ते अर्धंच झालं. ऑनलाइन अर्ज, औषधांची मागवणी, डॉक्टरांची वेळ घेणं ही कामं तिकडून होऊ शकतात. आणि सुट्टीवर आलात की पहिला आठवडा तरी आई पूर्णपणे तुमच्याकडे, वहिनी माहेरी. गावभर दावती त्यानंतर.

अब्बांना सुनेने अंघोळ घालायची वेळ आली तर दोघांनाही संकोच वाटतो. मुलगा किंवा नातू घरात असताना हे काम त्याचंच. कुणीच नसेल तर अंघोळीपुरता पुरुष मदतनीस ठेवा. आया किंवा वॉर्डबॉय ब्युरोकडून घेताना ओळखपत्र तपासा आणि पहिले काही दिवस स्वतः हजर राहा.

असे रुग्ण बऱ्याचदा मगरिबच्या सुमाराला जास्त बेचैन होतात. 'मला माझ्या घरी जायचंय' असं स्वतःच्याच घरात बसून म्हणतात. वाद घालू नका, 'चहा पिऊ, मग जाऊ' म्हणून लक्ष दुसरीकडे वळवा. अंधार पडण्याआधी दिवे लावा, टीव्हीचा आवाज कमी करा. रमजानमध्ये घराचं सगळं वेळापत्रक उलटतं आणि त्यांचा गोंधळ वाढतो. त्यांचं जेवण आणि गोळ्या नेहमीच्याच वेळेला द्या. सेहरीला उठणारी आणि त्यांना सांभाळणारी बाई एकच असू नये.

मोहल्ला आणि मस्जिद

आजार लपवला तर मदत करणाराही लांबच राहतो. शेजारी, किराणावाला, रिक्षावाला, मुअज्जिन यांना सरळ सांगून ठेवा: 'अब्बांना आठवत नाही, एकटे दिसले तर आम्हाला फोन करा.' खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असू द्या, कुर्त्याच्या आतूनही नंबर शिवून घ्या. रात्री दोनला फजर झाली समजून निघालेल्या माणसाला ओळखणारा कुणीतरी रस्त्यात असला पाहिजे.

जमातीला यासाठी मोठा फंड लागत नाही. जुम्याच्या बयानात महिन्यातून एकदा या विषयावर दोन शब्द, दुपारी रिकाम्या असणाऱ्या मकतबच्या खोलीत सांभाळणाऱ्या बायकांची बैठक, वर्षातून एकदा तपासणी शिबिर, कमोड खुर्ची आणि वॉकर जमातीच्या नावे घेऊन गरजेनुसार फिरवणं, एवढं कुठल्याही मस्जिद कमिटीला जमेल. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो, शिबिरासाठी ती तारीख धरता येईल. मय्यत झाल्यावर आपला मोहल्ला तीन दिवस त्या घरात जेवण पोचवतो. तोच डबा आठ वर्षं जागणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा गेला तर?

आणि तुम्ही स्वतः सांभाळत असाल तर एवढं करा. झोप लागत नसेल, सारखी चिडचिड होत असेल, हात उगारला जातोय असं वाटत असेल, तर दुसऱ्याला हाक मारून खोलीबाहेर या. मग १४४१६ ला फोन लावा आणि डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. आठवड्यातले निदान चार तास फक्त तुमचे असावेत आणि ते कुणाच्या भरवशावर सोडायचे, त्याचं नाव आजच ठरवा.