गाडी पुसण्याआधी भिजवावी

मोटारीचा जो रंग डोळ्यांना दिसतो, तो तिचा सर्वांत वरचा थर नसतो. कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग गाडीचा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक लेप कोनाकोपऱ्यांत बसवला जातो. त्यावर आणखी एक प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट चढतो. हे सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. गाडीची झळाळी आणि खालच्या रंगाचे उन्हापासूनचे रक्षण, दोन्ही एवढ्याशा थरावर अवलंबून असते. गॅरेजमध्ये रबिंग केल्यावर गाडी नव्यासारखी दिसते, कारण ओरखड्यांच्या तळापर्यंत हा थर खरवडून काढलेला असतो. ते वारंवार करता येत नाही.

या थराचे सर्वाधिक नुकसान रोजच्या पुसण्याने होते. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झचे बारीक कण असतात. मोहस् श्रेणीत क्वार्ट्‌झची कठीणता 7 आहे; खिडकीची काचसुद्धा त्याहून मऊ ठरते, मग क्लिअर कोटची काय कथा! मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत भल्या पहाटे एक बादली आणि एक फडके एवढ्यावर रांगेतल्या सगळ्या गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची वाळू फडक्यातून दुसरीवर जाते, दुसरीची तिसरीवर. हे काम करणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. गाडी रोज चकचकीत दिसावी, ही मागणी मालकाचीच असते. काही महिन्यांत बॉनेटवर उन्हात गोल गोल रेषा दिसू लागतात. खरे तर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येणारे तेवढेच चमकतात आणि नजरेला वर्तुळ भासते. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर ते लगेच उठून दिसतात. पांढऱ्या गाडीवरही ते असतातच, फक्त लपून राहतात. रोज पुसण्यापेक्षा आठ-पंधरा दिवसांनी नीट धुतलेली गाडी अधिक काळ चांगली राहते.

धुण्यासाठी सावली हवी आणि बॉनेट हाताला गार लागायला हवे. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू धुण्याआधीच वाळतो. प्रथम टपापासून खाली नुसते पाणी मारून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. चिखल असेल तर पाच मिनिटे भिजू द्यावे. मगच कापड लावावे. भांड्यांचा साबण टाळावा. तो तेलकटपणाबरोबर संरक्षणासाठी लावलेले मेणही काढतो. गाड्यांसाठी मिळणारा उदासीन शॅम्पू वंगणासारखे काम करतो आणि कण घासले न जाता घसरून निघतात. दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शॅम्पू, दुसरीत साधे पाणी. प्रत्येक भाग धुतल्यावर मायक्रोफायबरचे कापड आधी साध्या पाण्यात पिळून मग पुन्हा शॅम्पूत बुडवावे. चाकांवर ब्रेकमधून उडालेली लोखंडाची पूड असते, म्हणून चाकांचे कापड वेगळेच असावे. एवढ्या कामाला 30 ते 40 लिटर पाणी पुरते. पाइप सोडून ठेवला, तर दहा मिनिटांत त्याच्या तिप्पट वाहून जाते. मार्च 2024 मधील टंचाईत बेंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई करून 5,000 रुपये दंड ठेवला होता. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर ओले फडके आणि एक बादली याहून जास्त पाणी गाडीवर घालणे अवघडच. तिथे आधी अर्ध्या बादलीने धूळ भिजवून उतरवावी, मग पुसावे.

गाडी आपोआप वाळू देणे हीसुद्धा चूक आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब उडून जातो, क्षार मागे राहतात. काचेवरचे असे पांढरे ठिपके पातळ व्हिनेगरने निघतात, पण उन्हात महिनोन्‌महिने राहिलेले डाग क्लिअर कोटमध्ये उतरतात. म्हणून स्वच्छ, जाड मायक्रोफायबरने पाणी लगेच टिपून घ्यावे.

पक्ष्यांची विष्ठा मात्र पुढच्या धुण्याची वाट पाहू शकत नाही. तिच्यात युरिक आम्ल असते. शिवाय उन्हाने मऊ झालेला थर रात्री आकसताना वाळलेल्या विष्ठेभोवती खडबडीत होतो. ओले कापड काही मिनिटे ठेवून ती उचलून घ्यावी, खरवडू नये. झाडाखाली उभ्या गाडीवर पडणारा चिकटाही असाच काढावा. तो पुष्कळदा पानांवरच्या किडींचा गोड स्राव असतो. दसऱ्याला बॉनेटवर बोटाने रेखलेले हळद-कुंकवाचे स्वस्तिक पूजा झाल्यावर त्याच दिवशी पाण्याने उतरवावे. दिवाळीत फटाक्यांची राख रात्रीच्या दवाने ओली होऊन चिकटते. तीही कोरड्या फडक्याने झाडू नये.

धुतलेल्या गाडीला संरक्षण देण्याचे प्रकार अनेक आहेत. कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. झळाळी सुरेख येते, पण आपल्या उन्हात ते काही आठवडेच टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने चालते. सिरॅमिक कोटिंगमध्ये सिलिकावर आधारित थर क्लिअर कोटला चिकटतो. पाणी आणि घाण त्यावर कमी टिकते, मात्र दगडाचा टवका किंवा फडक्याचा ओरखडा ते थांबवत नाही. तसे रक्षण हवे असेल तर पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म लागते आणि तिचा खर्च मोठा असतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सामान्य गाडीला वर्षातून तीन-चारदा सीलंट लावणे पुरेसे आहे. गाडीवर घालायचे कव्हर मात्र स्वच्छ गाडीवरच घालावे. धुळीवर टाकलेले कव्हर वाऱ्याने हलते आणि रात्रभर घासत राहते.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर धोका खालून असतो. खाऱ्या हवेतील क्लोराइडमुळे टवका उडालेल्या जागी गंज लवकर धरतो आणि मडगार्डच्या आत साचलेला चिखल ओलावा आठवडाभर धरून ठेवतो. पावसाळ्यात चाकांच्या वरच्या पोकळीत आणि गाडीच्या पोटाखाली दर आठवड्याला पाण्याचा जोर मारावा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती पानांनी किंवा मातीने बुजली, तर दार आतून सडते. उडालेल्या टवक्यावर कंपनीच्या रंगाचा टच-अप लगेच लावावा, कारण उघड्या पत्र्याला गंज धरला की आजूबाजूचा चांगला रंगही फुगून सुटू लागतो.