कळ आणि कळणे

मराठीत ‘गाठ’ दोरीला असते, लग्नाची असते, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाशीही पडते. आणि अंघोळ करताना काखेत हाताला लागते तीही गाठच. ‘चमक’ दागिन्याला असते, तशी वाकताना कमरेतही भरते. ‘गोळा’ कणकेचा असतो, वर्गणी गोळा होते, आणि पोटात येतो तोही गोळाच. एखाद्याला मागचेपुढचे काही न सांगता ‘गाठ’ एवढा एकच शब्द ऐकवला आणि मनात पहिल्यांदा काय आले ते विचारले, तर उत्तर काय येईल? शब्द सगळ्यांना एकच ऐकू येतो. अर्थ मात्र ज्याचा त्याने, स्वतःजवळ जे साठले असेल त्यातून काढायचा असतो.

ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ तमार पिंकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ आणि १९९६ साली साधारण याच पद्धतीने दीर्घकाळ दुखणे सोसणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. उच्चार एक पण अर्थ दोन असलेले, किंवा आजारपणाकडेही झुकू शकतील आणि रोजच्या व्यवहाराकडेही, असे इंग्रजी शब्द त्यांनी निवडले. ज्यांचे दुखणे जुने होते त्यांच्याकडून इतरांच्या तुलनेत दुखण्याशी जोडलेले अर्थ जास्त आले. त्यांच्या कानांत काही दोष नव्हता आणि ते मुद्दाम रडगाणेही गात नव्हते. संदिग्ध जागा समोर आली की त्यांचे मन ती दुखण्याच्या अर्थाने भरत होते, इतकेच. मानसशास्त्रात याला अर्थ लावण्यातला कल म्हणतात. आपल्याकडे हे निरीक्षण म्हणीतच आहे : दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. म्हण थोड्या थट्टेच्या सुरात वापरली जाते. पण फुंकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो. पांढरे आणि पातळ असे काही समोर आल्यावर ते दूध की ताक, हे ओठ लावण्याआधी ठरवायचे कसे?

वेदना ही केवळ जखमेची बातमी नसते, ही गोष्ट आता शास्त्रानेही मान्य केली आहे. वेदनेच्या अभ्यासासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तीत वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव मानला आहे आणि माणूस वेदनेची कल्पना आयुष्यातल्या अनुभवांतून शिकतो, असेही सोबत नोंदवले आहे. २००४ साली आर्न्ट्झ आणि क्लासेन्स या नेदरलँड्समधील संशोधकांनी केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. उणे २५ अंश सेल्सिअस इतकी थंड केलेली धातूची कांडी त्यांनी निरोगी लोकांच्या मानेला क्षणभर टेकवली. काहींना ती गरम असल्याचे सांगितले होते, काहींना थंड असल्याचे. कांडी तीच, थंडी तेवढीच. तरीही ‘गरम’ असे ऐकलेल्यांना जास्त दुखले, कारण भाजणे म्हणजे इजा हा अर्थ त्यांच्या मनात आधीच पक्का होता. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे. दुखणे अर्थ बदलते आणि अर्थ दुखणे वाढवतो.

किल्लारीच्या आधी आणि नंतर

प्रयोगशाळेतल्या शब्दांवरून आणि कांडीवरून माणसाच्या जगण्याविषयी किती बोलावे याला मर्यादा आहे. पण लातूर आणि नांदेडकडच्या माणसाला हा विषय समजून घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. त्याच्या पायाखालची जमीनच गेली तीस-बत्तीस वर्षे त्याला संदिग्ध शब्द ऐकवते आहे.

किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासून लहान लहान धक्के जाणवू लागले. त्या ऑक्टोबरात काही धक्के चांगलेच जोराचे होते. लोक घाबरले, घराबाहेर झोपू लागले. पुढे धक्के ओसरले, महिने गेले आणि लोक पुन्हा छपराखाली गेले. यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई, आणि भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. जमीन हलते आणि थांबते, एवढाच त्या वर्षभराचा अनुभव होता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

त्यानंतर जमिनीखालच्या आवाजाचा अर्थ पहिल्यासारखा राहणे शक्यच नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरी परिसरात जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले तेव्हा लोकांनी रात्री जागून काढल्या. १५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी लातूर शहरात विवेकानंद चौकाच्या बाजूला आवाज झाला. लातूर, औराद शहाजानी आणि आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा झाली. यंत्रांवर काहीच नोंद नव्हती. शहरात चर्चा मात्र भूकंपाचीच राहिली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा आणि दहाएक मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. तो नांदेड आणि परभणीतही जाणवला, लोक घराबाहेर आले.

१९९२ चा आवाज आणि २०२२ चा आवाज शेजारी ठेवून पाहिले तर जमिनीची भाषा फारशी बदललेली दिसत नाही. बदलला तो ऐकणारा. आधी ज्या आवाजाचा अर्थ ‘होईल शांत’ असा लागत होता, त्याच आवाजाचा अर्थ आता ‘पुन्हा आले’ असा लागतो. किल्लारी भागातल्या वाचलेल्या लोकांच्या मानसिक आरोग्याची पाहणी करून १९९६ साली एका अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात आघातानंतरचा मानसिक ताण आणि नैराश्य ठळकपणे नोंदवले होते. अशा ताणात माणूस सावध असतो तो प्रत्यक्ष संकटापुरता नव्हे; ज्याचा अर्थ लागत नाही अशा प्रत्येक आवाजाला, थरथरीला आणि शांततेलाही तो सावधपणे सामोरा जातो.

माणसाच्या नजरेत दगडही संदिग्ध झाला. मुळात दोष दगडात नव्हता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे लांब दगड नव्हते, सांध्यात नुसती माती होती आणि वर छपराचे अवाढव्य वजन होते. हे अभियंत्यांनी सांगितले, जुनी घरे मजबूत कशी करता येतील तेही दाखवले. तरी अनेकांनी दगडी घर नको म्हटले. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाने भाजून निघाले तरी चालेल, सिमेंटची एक खोली मिळाली तरी पुरे, पण दगडाखाली निजायचे नाही. अभियंत्यासाठी भिंत म्हणजे बांधकामाची एक पद्धत होती. ज्याने त्या भिंतीखालून आपली माणसे बाहेर काढली त्याच्यासाठी ती पद्धत नव्हती.

येथे एक भेद सांभाळायला हवा. माणूस गमावल्याचे दुःख आणि कमरेचे दुखणे एकच नव्हेत. नाकारले जाण्याची वेदना आणि शरीराची वेदना यांत मेंदूचे काही भाग सारखेच काम करतात, असे २००३ च्या एका गाजलेल्या संशोधनात दिसले होते. नंतरच्या बारकाईच्या अभ्यासांत दोन्हींचे आराखडे वेगळे निघाले. मात्र संदिग्ध जागी धोक्याचा अर्थ आधी हाताशी येणे, हा परिणाम दोन्हीकडे आढळतो. 

याला चूक म्हणावे का?

अमेरिकी वैद्य रँडॉल्फ नेसी यांनी २००१ साली धूर ओळखणाऱ्या घंटेचे उदाहरण देऊन या सावधपणाचा हिशेब मांडला. स्वयंपाकघरात फोडणी करपली तरी ती घंटा वाजते आणि आपण वैतागतो. तरीही ती काढून टाकत नाही, कारण शंभर वेळा उगाच वाजली तर होतो तो त्रास, आणि खरी आग लागली असताना एकदाच गप्प बसली तर होते ती राखरांगोळी. दोन चुकांची किंमत सारखी नसेल तर स्वस्तातली चूक वारंवार करणे हाच शहाणपणा ठरतो. हासोरीत अंगणात झोपलेला माणूस याच हिशेबाने वागत होता, आणि तो हिशेब १९९३ ने त्याला शिकवला होता. अशा माणसाला अंधश्रद्ध किंवा भित्रा म्हणणे म्हणजे त्याच्या अनुभवाची किंमत न मोजता त्याच्या निष्कर्षाला नावे ठेवणे होय. शिवाय शास्त्राचे निष्कर्षही अनुभवाने बदलले आहेतच : २००२ च्या सुधारित नकाशात लातूरचा भाग तिसऱ्या विभागात आला.

पण घंटेला स्वतःच्या वाजण्याचा त्रास होत नाही, माणसाला होतो. झोप जाते, काम बुडते, अंगात ताण साठतो आणि साठलेला ताण पुन्हा दुखण्याच्या वाटेने बाहेर पडतो. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते पाठीच्या दुखण्यात.

नांदेड-लातूरच्या कोणत्याही दवाखान्याबाहेर थोडा वेळ बसले तर ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य कानावर पडतेच. खुरपणी, सोयाबीनची काढणी, डोक्यावरचे पाणी यांत वर्षे गेलेली बाई एमआरआय काढून येते आणि हे तीन शब्द घेऊन घरी जाते. डॉक्टरला म्हणायचे असते की मणक्यामधली चकती झिजली आहे. बाईला ऐकू येते की आत पोकळी पडली आहे, आता वाकले तर पाठ मोडेल. वास्तविक २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांचे अहवाल एकत्र तपासले गेले. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज दिसली. म्हणजे ही झीज बऱ्याच अंशी केस पिकण्यासारखी आहे. पण दुखणाऱ्या माणसाच्या हातात पडल्यावर तोच अहवाल निकालपत्र होतो.

पुढचा क्रम योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० साली मांडला. दुखण्याचा अर्थ ‘आत काहीतरी मोडते आहे’ असा लागला की भीती येते, भीतीने हालचाल टाळली जाते, टाळल्याने स्नायू दुबळे होतात आणि पुढच्या वेळी थोड्याशा हालचालीनेही जास्त दुखते. मग ‘मला वाटलेच होते’ असा पुरावा मिळतो. शेतमजूर बाईच्या बाबतीत हे चक्र रोजगारापर्यंत पोचते. ती वाकायची थांबली की तिची मजुरी थांबते, घरातले तिचे स्थान हलते, आणि मग जावेचे साधे ‘बसा, मी करते’ हे वाक्यही टोमण्यासारखे ऐकू येऊ लागते. कदाचित तो टोमणा असेलही. संदिग्धतेची अडचण हीच, की दुखणाऱ्याचा अर्थ दर वेळी चुकीचा नसतो.

याच्या उलट वाक्यही तितकेच घातक ठरते : ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेले नाही.’ सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी. पण सहा महिने दुखणे अंगावर काढणारी व्यक्ती त्यातून ‘तुम्ही खोटे बोलता’ किंवा ‘खरे काय ते लपवत आहेत’ यांपैकी एक अर्थ घेऊन उठते.

मोकळी जागा कोणी भरायची?

म्हणून ज्यांना दुखऱ्या माणसाशी बोलायचे आहे, त्यांच्या शब्दांवर अधिक जबाबदारी येते. ‘घाबरू नका’ हे प्रशासनाचे आवडते वाक्य आहे आणि ते पूर्ण संदिग्ध आहे. घाबरण्यासारखे काही नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि काहीतरी आहे म्हणूनच सांगत आहेत असाही. त्यापेक्षा आवाज किती वाजता झाला, कोणत्या केंद्रावर काय नोंदले गेले, कोणत्या प्रकारच्या घरात थांबणे धोक्याचे आहे आणि धक्का आलाच तर काय करायचे, हे सांगितले तर ऐकणाऱ्याला मोकळी जागा स्वतःच्या आठवणीने भरावी लागत नाही. तसेच ‘गॅप आहे’ किंवा ‘काही नाही’ याऐवजी ‘तुमचे दुखणे खरे आहे, मोडण्यासारखे काही दिसत नाही, हळूहळू हालचाल वाढवली तर चालेल, आणि पायाची ताकद कमी झाली किंवा लघवीला अडचण आली तर ताबडतोब या’ एवढे बोलायला दोन मिनिटे पुरतात. यात धीर आहे आणि खरा धोका ओळखण्याची खूणही आहे.

दुखऱ्या माणसाच्या अर्थाला आपण तर्काने खोडू पाहतो आणि तो खोडला गेला नाही की त्याला हट्टी ठरवतो. पण तो अर्थ तर्काने आलेला नसतो, कळ सोसून कळलेला असतो. किल्लारीच्या त्या पहाटेनंतर जन्मलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांनी माळवद कोसळताना पाहिले नाही, तरी जमिनीखाली गुरगुरले की ती आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे पाहतात. त्या क्षणी आवाजाचा अर्थ तिथे ठरत असतो. म्हाताऱ्या माणसाजवळ आठवणीशिवाय दुसरे काही नसेल, तर मुलांच्या वाट्यालाही तेवढेच येणार. आठवणीसोबत भिंत कशी बांधली आहे आणि दार कुठे आहे याची माहितीही त्याच्याजवळ असेल, तर पुढची पिढी ताक फुंकून पिईल, पण प्यायचे सोडणार नाही.