परदेशातील दीर्घकालीन सुटीसाठी परवडणारे भाड्याचे निवासस्थान : महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

वाशीम जिल्ह्याची निर्मिती १ जुलै १९९८ रोजी झाली असली तरी 'बासिम' या नावाचा जिल्हा वऱ्हाडात त्यापूर्वीही अस्तित्वात होता. १९०५ मध्ये तो विसर्जित होऊन त्याचा मोठा भाग अकोला जिल्ह्यात समाविष्ट झाला. १८५३ नंतर हैदराबादच्या निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या या प्रदेशाचे प्रशासकीय अहवाल, महसुली नोंदी व पत्रव्यवहार यांचा मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस अभिलेखांत आहे. म्हणजे वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील महाविद्यालयात इतिहास अथवा अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाला स्वतःच्याच तालुक्याचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास सखोल अभ्यासावयाचा झाल्यास लंडनला जावे लागते. असा अभ्यास चार-आठ दिवसांत होत नाही. त्यास किमान सहा ते आठ आठवडे लागतात आणि ते मिळतात केवळ सुटीत.

विमानाचे भाडे एकदाच द्यावे लागते व ते आगाऊ ठाऊक असते. खरा प्रश्न उरतो तो राहण्याचा. हॉटेलच्या दैनिक दराने दोन महिन्यांचा हिशेब मांडला की बहुतेकांचा बेत तेथेच संपतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाच्या बाबतीत तर तो सुरूच होत नाही. तथापि हॉटेलचे दैनिक भाडे आणि महिन्याच्या बोलीने मिळणाऱ्या निवासाचे भाडे या दोन वेगळ्या बाजारपेठांतील किमती आहेत, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजारपेठेचे स्वरूप, तिचे कायदे आणि तिच्यात प्रवेश करण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे.

पूर्वसूरींचा अनुभव :

परदेशात स्वस्त व दीर्घकाळ राहण्याची सोय शोधणे ही मराठी माणसाला नवी बाब नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांच्यासाठी न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटर कुटुंबाचे घर तयार होते. गोपाळराव जोशी यांचे एक पत्र अमेरिकेतील मिशनरी मासिकात प्रसिद्ध झाले, ते श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आले, आणि त्यातून सुरू झालेल्या पत्रव्यवहारातून हे घर मिळाले. वर्षानुवर्षांच्या पत्रांतून निर्माण झालेला विश्वास हेच येथे अनामत रकमेचे काम करीत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण अधिक बोधक आहे. सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील जेवण न मानवल्याने थोड्याच दिवसांत पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना यांच्यासमवेत राहू लागले. वसतिगृह, क्लब आणि सहनिवास हे तिन्ही प्रकार त्यांनी अल्पावधीत अनुभवले. पुढे १९२१-२२ मध्ये लंडनला ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात भाड्याने राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले.

या घराची पुढील हकीकत प्रस्तुत विषयाशी अनपेक्षितपणे निगडित आहे. निवासी वास्तूचा संग्रहालय म्हणून वापर करण्यास कॅम्डेन कौन्सिलने हरकत घेतली. सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश शासनाने परवानगी दिली. घर स्वतःचे असले तरी त्याचा वापर कोणत्या कारणासाठी करावयाचा हे लंडनमध्ये मालकाच्या मर्जीवर नसते. पर्यटकांना घर भाड्याने देण्यालाही हेच तत्त्व लागू आहे.

दीर्घ मुक्काम स्वस्त का पडतो :

घरमालकाच्या दृष्टीने प्रत्येक नवा भाडेकरू म्हणजे साफसफाई, चादरी-पडदे धुणे, किल्लीची देवघेव, मध्यस्थाचे कमिशन आणि दोन भाडेकरूंमधील रिकामे दिवस. उदाहरणादाखल साफसफाईचा आकार ६० पौंड मानला तर तीन दिवसांच्या मुक्कामात त्याचा भार रोज २० पौंड पडतो, तर ४५ दिवसांच्या मुक्कामात तो दीड पौंडाहूनही कमी होतो. रिकाम्या दिवसांची जोखीम तर यापेक्षाही मोठी असते. त्यामुळे पंचेचाळीस दिवसांची हमी देणाऱ्या भाडेकरूला मालक दरात सूट देतो, तो केवळ उदारतेने नव्हे. ही सूट मात्र मागावी लागते. संकेतस्थळावर दिसणाऱ्या दैनिक दराला दिवसांनी गुणून आलेला आकडा अंतिम समजणे ही सर्वसामान्य चूक होय.

करव्यवस्थाही दीर्घ मुक्कामाला अनुकूल आहे. ब्रिटनमध्ये हॉटेल किंवा तत्सम निवासात एकच व्यक्ती सलग २८ दिवसांहून अधिक राहिल्यास २९ व्या दिवसापासून खोलीच्या मूळ भाड्यावर व्हॅट आकारला जात नाही. तो केवळ जेवण व सोयीसुविधांच्या भागावर लागतो. सव्वीस दिवसांऐवजी पस्तीस दिवसांचे आरक्षण करताना याची विचारणा अवश्य करावी.

स्वयंपाकघर ही दुसरी बचत. शाकाहारी व्यक्तीस लंडन वा बर्लिनमध्ये दोन्ही वेळा बाहेर जेवणे खर्चाचे जाते. चार शेगड्यांची सामायिक सोय असली तरी पुरे, डाळ-तांदूळ सर्वत्र मिळतात. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्याने पीठ सोबत न्यावे की नाही, हे त्या त्या देशाचे अन्नपदार्थविषयक नियम पाहून ठरवावे.

सुट्यांच्या वेळापत्रकातील विसंगती :

विद्यापीठांची वसतिगृहे सुटीत रिकामी होतात आणि त्यांतील खोल्या बाहेरच्या व्यक्तींना भाड्याने दिल्या जातात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखी संस्थाही आपली वसतिगृहे अशा रीतीने खुली करते. मध्यवर्ती ठिकाण, सुरक्षितता आणि माफक दर या तिन्ही दृष्टींनी हा पर्याय उत्तम आहे. परंतु संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील प्राध्यापकांसमोर येथे एक अडचण उभी राहते. विदर्भातील उन्हाळी सुटी सर्वसाधारणपणे मे ते जूनचा पूर्वार्ध अशी असते. ब्रिटनमधील वसतिगृहे जूनच्या मध्याला रिकामी होऊ लागतात. म्हणजे तिकडे खोली मोकळी होते तेव्हा इकडे महाविद्यालय उघडण्याची वेळ झालेली असते. जर्मनीतील उन्हाळी सत्राचे अध्यापन तर जुलैपर्यंत चालते. तेथील विद्यार्थी आपली खोली तात्पुरती दुसऱ्यास देतात ते प्रामुख्याने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

अमेरिकेत परिस्थिती वेगळी आहे. तेथील वसंत सत्र मेच्या मध्यास संपते आणि वर्षभराचा भाडेकरार केलेले विद्यार्थी तीन महिन्यांसाठी आपली जागा पोटभाड्याने देऊ इच्छितात. त्यांना भाडे वसूल होण्याशी मतलब असतो, नफ्याशी नव्हे. त्यामुळे विद्यापीठाच्या गावात मे-जूनमध्ये मिळणारी अशी खोली अनेकदा मूळ भाड्याहूनही स्वस्त पडते. मात्र मूळ मालकाची पोटभाड्यास लेखी संमती आहे किंवा नाही हे पाहिलेच पाहिजे. ज्यांना उन्हाळी सुटीतच जावयाचे आहे व ज्यांचा विषय एका विशिष्ट अभिलेखागाराशी बांधलेला नाही, त्यांनी लंडनपेक्षा अमेरिकेतील विद्यापीठीय ग्रंथालयांचा विचार करणे अधिक व्यवहार्य ठरते.

दिवाळीच्या सुटीचा उपयोग निराळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दक्षिण स्पेन व पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील उन्हाळी गर्दी ओसरलेली असते आणि तेथील सदनिका महिन्याच्या हिशेबाने देण्याची रीत आहे. उत्तर युरोपातील निवृत्त मंडळी हिवाळाभर तेथे राहतात ती याच कारणाने. संशोधनापेक्षा लेखन हा हेतू असेल तर ही जागा वाईट नाही.

कायद्याची चौकट :

महाराष्ट्रातील वाचकाला 'लिव्ह अँड लायसन्स', अकरा महिन्यांचा करार व त्याची सक्तीची नोंदणी या गोष्टी परिचित आहेत. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातील परवानगीधारक आणि भाडेकरू यांतील भेद लक्षात घेतला तर परदेशातील तरतुदी समजणे सोपे जाते, कारण तेथेही प्रश्न तोच आहे : राहणारा पाहुणा आहे की भाडेकरू?

न्यूयॉर्क शहरात ३० दिवस ही सीमारेषा आहे. सप्टेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या स्थानिक कायद्यानुसार ३० दिवसांपेक्षा कमी काळासाठी घर देणाऱ्याने नोंदणी करणे, स्वतः त्याच घरात राहणे आणि दोनपेक्षा अधिक पाहुणे न ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे अल्प मुदतीची घरे मोठ्या प्रमाणात नाहीशी झाली. तीस वा अधिक दिवस राहणाऱ्यास ही अडचण नाही, उलट पर्याय वाढले. लंडनमध्ये राहते घर वर्षातून ९० रात्रींपर्यंतच अल्पकालीन निवासासाठी देता येते. त्याहून अधिक द्यावयाचे झाल्यास नियोजन परवानगी लागते. म्हणून एखादे घर वर्षाच्या उत्तरार्धात अचानक अनुपलब्ध दिसू लागले तर त्याचे कारण हेही असू शकते.

इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने सामान्य भाडेकरूकडून घेण्याच्या अनामत रकमेवर साधारणतः पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. परंतु सुटीसाठी दिलेले घर या संरक्षणाच्या कक्षेबाहेर राहते. करारनाम्यावर 'सुटीसाठी निवास' असे शब्द आहेत काय, हे पाहण्याचे महत्त्व यातच आहे. ते शब्द असल्यास अनामत परत मिळण्याची सर्व मदार करारातील कलमांवर असते. जर्मनीत अनामतीची मर्यादा तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी आहे. तेथे भाड्याचे दोन आकडे सांगितले जातात. शब्दशः एक 'थंड' आणि दुसरा 'उबदार'. पहिल्यात पाणी, तापन इत्यादींचा खर्च धरलेला नसतो. जाहिरातीतील लहान आकड्यावर अंदाजपत्रक बांधणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

व्हिसाची मुदत ही अर्थातच बाह्य मर्यादा होय. शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. ब्रिटनच्या साधारण पर्यटक व्हिसावर एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते. वाशीम जिल्हा पारपत्रासाठी नागपूर कार्यालयाच्या कक्षेत येतो. त्यासाठी व संस्थेच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी लागणारा वेळ धरूनच निवासाचा शोध सुरू करावा. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारी रक्कम भरणे टाळावे.

शोधाचे मार्ग :

प्राध्यापकांसाठी सर्वांत उपयुक्त मार्ग व्यापारी संकेतस्थळांच्या बाहेर आहेत. लंडनच्या फिट्झरॉय स्क्वेअरमधील इंडियन वायएमसीए ही १९२० मध्ये स्थापन झालेली संस्था असून तिची सध्याची इमारत १९५३ ची आहे. ब्रिटिश लायब्ररी तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. पदव्युत्तर विद्यार्थी व अभ्यासकांसाठी लंडनला गुडइनफ कॉलेज आणि न्यूयॉर्कला १९२४ मध्ये सुरू झालेले इंटरनॅशनल हाऊस या संस्था आहेत. अशा ठिकाणी अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो.

सबॅटिकल होम्स हे २००० मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ मुख्यत्वे अध्यापक व संशोधकांसाठीच आहे. अध्ययन रजेवर जाणारा प्राध्यापक आपले घर दुसऱ्या प्राध्यापकास देतो, हे त्याचे सूत्र. घरांची अदलाबदल ही कल्पना तर मुळात शिक्षकांचीच. १९५३ मध्ये युरोपातील काही शिक्षकांनी इंटरव्हॅक ही व्यवस्था सुरू केली ती सुट्या लांब आणि पगार तुटपुंजा या कारणाने. हे कारण वऱ्हाडातही समजण्यासारखे आहे.

लंडनचे १९३२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ किंवा उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ या संस्था घरे मिळवून देत नाहीत आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. मात्र एखादा परिसर राहण्यास कसा आहे, दाखविलेले घर खरोखर त्या पत्त्यावर आहे काय, हे सांगणारा एखादा परिचित अशा संपर्कातून मिळू शकतो. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार ठरलेला आहे. घरमालक परदेशात असल्याचे सांगतो, घर दाखविण्यास नकार देतो आणि पैसे मिळताच किल्ली कुरिअरने पाठविण्याचे आश्वासन देतो. इंग्लंडमधील घराची मालकी कोणाच्या नावे आहे हे तेथील भूमी नोंदणी कार्यालयाच्या अभिलेखात अल्प शुल्क भरून कोणालाही पाहता येते. आपल्याकडील सातबारा पाहण्याइतकीच ही साधी गोष्ट आहे, आणि तरीही ती क्वचितच केली जाते.

भाड्याची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली अधिकृत बँकेतून पाठविता येते. २००४ मध्ये २५ हजार डॉलरवर सुरू झालेली तिची मर्यादा आता आर्थिक वर्षास अडीच लाख डॉलर आहे. बँकेमार्फत पाठविलेल्या रकमेचा लेखी पुरावा राहतो. वाद उद्भवल्यास तोच कामी येतो.

घराच्या अदलाबदलीचा विचार करणाऱ्याने आपल्या बाजूचाही विचार करावा. वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, प्राचीन वत्सगुल्म. अजिंठ्याच्या काही लेण्यांतील शिलालेख याच शाखेच्या काळातील आहेत. कारंजा हे जैन परंपरेचे जुने केंद्र असून तेथे हस्तलिखितांचे संग्रह आहेत, आणि लोणारचे विवर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. या विषयांवर काम करणाऱ्या परदेशी अभ्यासकाला येथे महिनाभराचे घर हवेच असते आणि हॉटेलांच्या यादीत ते सापडत नाही. तथापि परदेशी व्यक्तीस घरी ठेवणाऱ्याने तिच्या आगमनाची माहिती २४ तासांच्या आत संबंधित नोंदणी अधिकाऱ्यास ऑनलाईन कळविणे बंधनकारक आहे. मोबदला न घेता केलेल्या अदलाबदलीसही हा नियम लागू समजून पाहुणा येण्यापूर्वीच जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या परकीय नागरिक शाखेत चौकशी करून ठेवावी.