बारा सेकंदांचं मैदान

व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून दक्षिणेला निघालं की दीड-दोन तासांत नॉर्थ कॅरोलायनातली आउटर बँक्स लागते. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. बीचवरची भाड्याची घरं, पॅनकेकची हॉटेलं आणि मिनी गोल्फ ओलांडत गेलं, की किल डेव्हिल हिल्समध्ये टेकडीवरचा ६० फुटी ग्रॅनाइटचा स्तंभ दिसतो. हेच राइट बंधूंचं राष्ट्रीय स्मारक. १९३२ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, तेव्हा ऑर्व्हिल स्वतः हजर होते. विल्बर वीस वर्षांपूर्वीच गेले होते.

बाकीचा इतिहास शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. गंमत आहे ती पायथ्याच्या मैदानात. राइट बंधूंच्या विमानानं १७ डिसेंबर १९०३ ला जमीन सोडली तिथे एक मोठा दगड आहे आणि त्या दिवशीची चार उड्डाणं जिथे जिथे संपली, तिथे एकेक खूण. पहिली खूण १२० फुटांवर. बारा सेकंदांचं ते उड्डाण पर्यटक अर्ध्या मिनिटात चालून संपवतात. चौथी मात्र थेट ८५२ फुटांवर.

इथे सगळ्यात भाव खाऊन जातो तो जॉन डॅनियल्स. बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवणाऱ्या जवळच्या ठाण्यावरचा हा गडी. मदत हवी असली की राइट बंधू शेडवर निशाण लावत आणि ठाण्यावरची मंडळी येत. उड्डाणाच्या दिवशी ऑर्व्हिलनं तिपाईवर कॅमेरा लावला, त्याचा रबरी फुगा डॅनियल्सच्या हातात दिला आणि विमान उचललं गेलं की दाब, असं सांगितलं. गड्यानं आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावलेला नव्हता. पुढच्या धांदलीत आपण फुगा दाबला की नाही, हेही त्याला आठवेना! राइट बंधूंनी डेटनला घरी जाऊन फोटोची काच धुतली, तेव्हा जगातला एक अजरामर फोटो हाती आला.

त्याच दिवशी, चौथ्या उड्डाणानंतर, वाऱ्यानं उभं विमान उलटवलं. ते धरायला धावलेला डॅनियल्स तारा-दांड्यांत अडकून विमानासोबत कोलांट्या खात गेला. विमानाची बरीच मोडतोड झाली. डॅनियल्सचं मात्र खरचटण्यावर निभावलं. विमान अपघातातून वाचलेला पहिला माणूस मीच, असं तो पुढे मिरवत असे. शताब्दीनिमित्त उभारलेल्या ब्राँझ आणि पोलादाच्या शिल्पसमूहात तोही कॅमेऱ्यामागे उभा आहे.

खटकतं ते वेगळंच. मोकळा वारा आणि पडलं तरी न लागणारी वाळू, यासाठी राइट बंधू ओहायोतून इथवर आले. तेव्हा ही टेकडी उघडी होती, वाऱ्याबरोबर सरकायची. स्तंभ बांधायचा म्हणून तिच्यावर गवत लावून तिला जागच्या जागी बसवलं. वाळूचा डोंगर पाहायच्या हौसेनं येणाऱ्याला दिसते हिरवळ आणि चढायला पक्की वाट. शेड आणि राहायची खोली नव्यानं उभारलेली, प्रदर्शनातलं विमान प्रतिकृती. मूळ विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात.

मराठी पाहुणा असला की गप्पांत शिवकर बापूजी तळपदे येतातच. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा घरोघरी सांगितली जाते, पण तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. इथल्या बारा सेकंदांना मात्र पुरावा म्हणून डॅनियल्सची काच मिळाली.

जायचंच तर १७ डिसेंबर गाठावा. दरवर्षी त्या दिवशी इथे सोहळा असतो आणि पहिल्या उड्डाणाच्या वेळेला, सकाळी १०.३५ ला, माथ्यावरून विमानं जातात. वारा मात्र तेव्हासारखाच बोचरा. कानटोपी विसरू नये.