रंगीत वर्तुळ पाहून औषध बंद करू नका

काही दिवसांपूर्वी 74 वर्षांचे एक गृहस्थ मुलीसह दवाखान्यात आले. हाती आतड्यांतील जिवाणूंच्या तपासणीचा अहवाल होता आणि त्यात एक देखणे रंगीत वर्तुळ. त्यातील लाल फाक फार मोठी दिसली म्हणून त्यांनी मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी परस्पर बंद केली होती. डाळी, दही आणि फळेही वर्ज्य केली होती. वजन तीन किलोंनी उतरले होते, रक्तातील साखर मात्र वाढली होती.

वाचकहो, अशी चित्रे कशी तयार होतात हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे. शौचाच्या नमुन्यातील जिवाणूंचे जनुकीय तुकडे यंत्राद्वारे वाचले जातात. ते कोणत्या जिवाणूंचे, याची वर्गवारी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वाइम’सारख्या संगणकप्रणाली करतात. 2011 मधील ‘क्रोना’ ही प्रणाली अशी वर्गवारी वर्तुळात मांडते. आतल्या कड्यात मोठे गट, तर बाहेरच्या कड्यांत त्यांचे पोटगट असतात.

हे वर्तुळ प्रमाण दाखवते, संख्या नव्हे. सहा जणांच्या घरात दोघे ज्येष्ठ असतील, तर त्यांचा वाटा एक तृतीयांश. दोन नातवंडे सुट्टीत मामाकडे गेली की तोच वाटा निम्मा होतो. ज्येष्ठ मात्र दोनच राहतात. तसेच एक जिवाणूगट घटला की दुसऱ्याची फाक आपोआप रुंदावते. मेटफॉर्मिन व प्रतिजैविके यांनीही हे प्रमाण बदलते. आणि लाल रंग हा केवळ गट ओळखण्यासाठी असू शकतो, धोक्याची खूण म्हणून नव्हे.

मग ही चित्रे निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. आयर्लंडमधील 178 ज्येष्ठांचा अभ्यास 2012 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आलेखांत प्रत्येक व्यक्ती म्हणजे एक ठिपका. जिवाणूसमूह जितके सारखे, तितके ठिपके जवळ. स्वतःच्या घरी राहणारे आणि दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणारे यांचे ठिपके बरेचसे वेगळे पडले. शुश्रूषागृहातील ज्येष्ठांच्या आहारात आणि जिवाणूंतही विविधता कमी होती, दुर्बलता अधिक होती. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरीही ज्येष्ठांच्या ताटाकडे लक्ष देण्यास ते पुरेसे आहे.

म्हणून अहवाल हाती आल्यास तो चालू औषधांच्या यादीसह आपल्या डॉक्टरांना दाखवावा. गोळी स्वतःहून थांबवू नये. शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे किंवा जुलाब न थांबणे, यांपैकी काही असल्यास अशा अहवालाची वाट न पाहता तपासून घ्यावे. दातांचा त्रास असल्यास मुगाची मऊ उसळ, शिजवलेली पालेभाजी, पिकलेली पपई असे पदार्थ आलटून पालटून द्यावेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

त्या गृहस्थांची गोळी पुन्हा सुरू केली आहे. ताटात वरण आणि दहीही परतले आहे.